खिळा कुठंही ठोक

शिकवताना अण्णा स्वतःच इतके रंगात यायचे की मुलांच्या आधी त्यांचाच श्वास फुलायचा. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत ते डिप्लोमाच्या मुलांना मेकॅनिक्स शिकवत. गणित जुळलं की साठी उलटलेला हा माणूस टेबलावर थाप मारून ओरडायचा, "बंतु!" म्हणजे कानडीत 'आलं!' मग आम्हीही सगळे ओरडायचो आणि शेजारच्या अक्का खिडकी लावून घ्यायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ती दोनदा नापास होऊन. बेलूरच्या एका कारखान्यात माझी नोकरी ठरली होती. पण हा विषय सुटल्याशिवाय ते रुजू करून घेणार नव्हते, आणि तिसऱ्यांदा राहिला तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. माझं घोडं अडायचं बलयुग्मापाशी. दोन सारखी बलं, उलट दिशांना. मी आपली एकाच बलाची मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, काढून मोकळी. अण्णा वही बघून म्हणायचे, "आणि हे दुसरं कुठं गेलं गं? धारवाडला?"

एके दिवशी त्यांनी एक लाकडी पट्टी आणली. तीस सेंटिमीटर अंतरावर दोन हुक, दोन्हींना ताणकाटे. पट्टी मधोमध खिळ्यावर बसवून त्यांनी मला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला उलट दिशांना वीस-वीस न्यूटन ओढायला लावलं. "हं, मांड!" खिळ्यापासून दोन्ही बलं पंधरा सेंटिमीटरवर, दोन्ही पट्टीला एकाच बाजूला फिरवणारी. बेरीज सहा न्यूटन-मीटर. मग खिळा एका हुकापाशी. एकाचं अंतर शून्य, दुसऱ्याचं तीस. पुन्हा सहा! मग खिळा दोन्ही हुकांच्या बाहेर, दहा सेंटिमीटरवर. मी लांबच्या बलाचे आठ मांडले, जवळचं उलटं फिरवतंय म्हणून त्याचे दोन वजा केले, आणि खुर्चीवरून उठलेच.

"अण्णा, सहाच!"

"मग? खिळा कुठंही ठोक की! उत्तर हलतंय काय?"

त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, उड्या मारत गेले.

परीक्षेत नेमकं हेच आलं, खिळा बाहेर असलेलं. लांबचं मांडलं, जवळचं वजा केलं, मग बलाला दोन बलांमधल्या अंतराने गुणून पडताळलं. जुळलं! आणि भर परीक्षेत माझ्या तोंडून निघून गेलं, "बंतु!"

पर्यवेक्षकांनी येऊन पेपर ओढून घेतला. "कुणाला खूण केलीस? एन बंतु? काय आलं?"

मी त्यांच्या हातातल्या पेपराकडे बोट दाखवलं. "उत्तर, सर."

त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पेपर परत माझ्यापुढे ठेवला.

निकालाच्या दिवशी मी धावतच अण्णांकडे गेले. ते कायमचे सांगलीला मुलीकडे निघाले होते. रिक्षा दारात उभी, ट्रंक हातात. मी पास झाले, नोकरी पक्की झाली, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. परीक्षेत मी ओरडले म्हटल्यावर मात्र पोट धरून हसले. मग रिक्षा परत पाठवून ट्रंकेवरच बसले. "खिळा कुठं दिला होता? मांड बघू सगळं." वर्तमानपत्राच्या कडेला मी सगळं मांडलं, त्यांनी ओळ न् ओळ तपासली. सांगलीची बस अर्थातच चुकली. मुलीचा फोन आला तेव्हा सांगत होते, "उद्या येतो गं. अगं, इथं हिचं उत्तर आलंय!"

दुसऱ्या दिवशीच्या बसने ते गेले. चार महिन्यांनी सांगलीहून अण्णा वारल्याची बातमी आली तेव्हा मी बेलूरला कामावर होते, आणि मशीन बंद करून तिथंच रडले. माझं उत्तर बरोबर आलं म्हणून स्वतःची बस चुकवणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.