ढोलकी विकायला काढली तेव्हा

उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी सगळा दोष ऑफिसातल्या टायपिंगला दिला. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, "हाताचं आणखी काय काम करता?"

"धुणीभांडी," मी म्हटलं. शेजारून नवरा म्हणाला, "ढोलकी वाजवते ना जी."

"किती वेळ?"

"असेल अर्धा तास," मी म्हटलं.

"अर्धा तास तर तिले गरम व्हायलेच लागते," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मणके झिजलेत, खांदा आखडत चाललाय, ढोलकी बंद. तबला असेल तर तोही. तबला होता.

बारा वर्षं मी आमच्या विहारातल्या महिला मंडळात वाजवत होते. आधी भाड्याने ढोलकीवाला यायचा, पण जयंतीच्या आठवड्यात त्याचे नखरे फार, म्हणून मीच शिकले. खाणीतून ड्यूटी करून आलेल्या नवऱ्याला त्या आवाजात झोपावं लागे. डॉक्टरांकडून परतताना त्याने चेहरा गंभीर ठेवला होता, पण राजुऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर आपणहून समोसे घेतले. तसं तो कधी करत नाही.

वाद्यं पलंगाखाली ठेवून पाहिली. रोज एकदा तरी हात तिकडे जायचाच. शेवटी विकायचं ठरवलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जिवतीकडचं एक भजनी मंडळ. चौघं जीपने आले. त्यातले म्हातारे भाऊ म्हणाले, "बाई, जराशी वाजवून दाखवा."

फक्त आवाज ऐकवते म्हणून मी ढोलकी मांडीवर घेतली. एकाने गाणं धरलं. मी थांबले तेव्हा चहा थंड झालेला, फाटकाशी शेजारणी जमलेल्या. म्हाताऱ्या भाऊंनी हात जोडले. "तुमच्या हातातून हे नेणं आमच्यानं नाई होत, बाई." आणि ते रिकाम्या हाताने गेले.

दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना. नवऱ्याने घातली. बैलासाठी दोर वळावा तशी.

नंतर पोंभुर्ण्याच्या एक शाळामास्तरीण आल्या. या वेळी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. वाजवून दाखवायचं काम नवऱ्याकडे. त्याने ढोलकी उलटी धरली आणि डोळे मिटून, मोठ्या तन्मयतेने बडवू लागला. घरातलं मांजर उठून गेलं. मास्तरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे कधीपासून शिकून राह्यले?"

"आजपासून," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. "मग मलेबी जमन."

ढोलकी, तबला-डग्गा, सगळं त्यांनी घेतलं. मी जुन्या गोधडीत ढोलकी गुंडाळून दिली. वाजवून झालं की दोरी सैल करा, उन्हात ठेवू नका, हे दोनदा सांगितलं, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी वाकून पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून घेतलं, बाई." गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. नवऱ्याने घरात बोलावलं नाही, तोही शेजारी उभा राहिला.

आता मी मंडळात मागच्या रांगेत गाते. आवाज बरा नाही, पण कोणी बोलत नाही. ढोलकीच्या जागी मंडळाने ताल वाजवणारं यंत्र घेतलं. ते कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही. परवा आमच्या सर्वांत वयस्क बाई कडव्याच्या मध्येच दमल्या आणि त्याला म्हणाल्या, "थांब ना बापा, मी येऊन राह्यली." ते थांबलं नाही. मी उठून वायर काढली. उरलेलं गाणं आम्ही नुसत्या टाळ्यांवर म्हटलं. टाळ्यांना डॉक्टरांची मनाई नाही. मी विचारून घेतलं आहे.