मिशीबाईची भाकर
आमच्या घरी आज पाय केलाय, असं मी शाळेत सांगितलं की पोरी लगेच विचारायच्या, बोकडाचा का मेंढीचा? मी वैतागायची. अगं, इंग्रजी गोड पाय असतो, दुधाचा, अंड्याचा, वर फळं असलेला. त्यावर त्या आणखी खिदळायच्या. अख्ख्या न्हावऱ्यात गोड पाय खाणारं आमचं एकच घर होतं, त्यामुळं माझं कोण ऐकणार?

आईकडं भट्टी नव्हती. मोठ्या पातेल्यात तळाला वाळू घालून ती चुलीवर तापवायची. मैद्याला तूप चोळून, गार पाण्यात जेमतेम भिजवून पारी लाटायची आणि खोलगट थाळीत बसवून तिची कड चमच्याच्या टोकानं दाबत जायची, एक उभा ठसा, एक आडवा. दूध आटवून, फेटलेली अंडी, साखर, जायफळ घालून ते पारीत ओतलं की थाळी वाळूवर, वर झाकण आणि झाकणावर निखारे. त्यानंतर अर्धा तास आईशी बोलायची सोय नसायची. आच जरा जास्त झाली की अंडं फाटतं आणि पाणी सुटतं, म्हणून ती पातेल्याला कान लावल्यासारखी बसायची. गार झाल्यावर वर अंजिराच्या नाहीतर पपईच्या फोडी लावायची. खाताना आम्ही भावंडं ताटली चाटायचो, लाज नाही काही.

हे ती कुठं शिकली, याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. दौंडला तिचे मामा रेल्वेत होते, त्यांच्या साहेबाच्या बंगल्यावर एक खानसामा होता, त्याच्याकडून. ते खोटं होतं. मला ते फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. आई सातव्या वर्षापासून केडगावच्या बाजूला एका आश्रमात वाढली होती. निराधार बायकापोरींना तिथं ठेवून घ्यायचे. तिथली एक गोरी बाई सणासुदीला हा पाय करायची. आई सोळा वर्षांची झाल्यावर मामांनी तिला बाहेर काढलं आणि आपल्या घरी वाढलेली भाची म्हणून आप्पांशी लग्न लावून दिलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, खरं काय ते माहीत होतं. भावकीला नव्हतं आणि आम्हा पोरांनाही नव्हतं. आश्रमातली म्हणजे ना कूळ ना मूळ, असं तोंडावर म्हणणारी माणसं आमच्या भावकीत पैशाला पासरी होती. माझ्या लग्नाच्या वयापर्यंत आईनं ते झाकून ठेवलं होतं आणि ते उघडं पडलं तर माझंच लग्न अडणार, ही भीती तिला रोज असणार. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अशात राहू गावचं एक स्थळ आलं. गावात तेव्हा नुकताच एसटीडी बूथ झाला होता, तिथं निरोप आला की रविवारी बघायला येतो. मुलगा कंपनीत सुपरवायझर होता. त्याला मी एका लग्नात पाहिलं होतं आणि मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू? आई म्हणाली पोहे करू. मी म्हटलं, पोहे सगळीच करतात, तू पाय कर. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा नाही म्हणाली. माझा स्वभाव तेव्हाही असाच, एकदा धरलं की सोडायचं नाही. मी दोन वेळा जेवले नाही. शेवटी तिनं मैदा काढला. मला फक्त बजावलं की त्यांच्यापुढं पाय म्हणू नकोस, फ्रूट केक म्हण.

रविवारी माणसं आली. बापईमाणसं ऊस, कांदा, डेअरीचं दूध यावर बोलत बसली. मुलाची आई वाळकी, गोरटेली बाई होती, पदर सावरून सतरंजीच्या कडेला बसलेली आणि अगदी कमी बोलणारी. मी ताटल्या फिरवल्या. आईनं त्या दिवशी जीव ओतला होता, अंजिरं तर अशी लावली होती की मोडवेना. त्या बाईनं ताटली हातात घेतली आणि आधी पारीच्या कडेवरून बोट फिरवलं, एक उभा ठसा, एक आडवा. मग तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

"मिशीबाईची भाकर," ती अगदी हळू म्हणाली.

मी तिच्यापुढंच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. आणि आईला आलं. मला वाटलं ही बाई आमची चेष्टा करतेय. मी फटकन विचारलं, काय म्हणालात? तिनं ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, काही न्हाई, गोड झालंय. आई पाणी आणते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. निघताना तेवढी कुंकू लावायला आली तेव्हा कुंकू त्या बाईच्या नाकावर सांडलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका तर त्यांनी आधीच पाहिली होती! माझं डोकं फिरलं. आई चुलीपुढं बसली होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. तू आत पळून का गेलीस, त्यांना काय वाटलं असेल, तोंडाला काय कुलूप लावलं होतं का? आणि मग मला एक वाक्य सुचलं. सुचल्याबरोबर मला ते चांगलंच वाटलं, हे मी कबूल करते.

"तुझ्या त्या पायानंच मोडलं हे," मी म्हटलं. "पांढऱ्या पायाची आहेस तू."

पुढची तिखटमीठ लावलेली वाक्यं माझ्या तोंडातच राहिली, कारण आई हसली. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला शेजारी बसवलं आणि आश्रमाचं सगळं सांगितलं. तिथं त्या गोऱ्या बाईला मिसीबाई म्हणायचे, पोरींच्या तोंडी तिची मिशीबाई झाली आणि तिच्या पायाची झाली भाकर. हा शब्द तिथं वाढलेल्या पोरींखेरीज कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे ती राहूची बाईही तिथलीच. ती कुणाला सांगायची न्हाई, आई म्हणाली, तिला बी आपलं झाकायचंय. दोघी एका मांडवात आलो असतो तर कुठंतरी एकीची जीभ घसरली असती. तिच्या जागी मी असते तर मी बी न्हाईच म्हणले असते.

मग तिनं आश्रमात कशी आली ते सांगितलं.

"बाप गेला तवा मी सात वर्षांची. आजी म्हणली, ही पांढऱ्या पायाची, हिला घरात ठिवू नका. आई माझी गप ऱ्हायली. तिनंच फाटकापर्यंत आणून सोडलं मला. त्याच्यानंतर ह्यो शब्द मला कुणीच म्हणलं न्हवतं, आज तू म्हणलीस."

मी खूप रडले. मला तसं म्हणायचं नव्हतं, रागात तोंडून गेलं, असं पन्नास वेळा म्हटलं. ती म्हणाली, असू दे गं, रागात माणूस बोलतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी धारा काढायला उठली. मला वाटलं, मिटलं. पुढच्या वर्षी शिरूरला माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला. राहूचा मुलगा मला आता नीट आठवतसुद्धा नाही.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही शिरूरला स्वतःचं घर बांधलं. राहायला गेलो त्याच आठवड्यात आई एसटीनं एकटीच आली, पिशवीत बाजरीचं पीठ आणि घरची अंडी घेऊन. नवरा कामावर होता. मी दार उघडलं, ये म्हटलं. ती पायरीच्या खालीच थांबली आणि घरात कोण हाय विचारलं. मी हाय की, मी म्हटलं, ये ना. ती म्हणाली, तसं न्हाई, आधी दुसरं कुणीतरी आत येऊन जाऊ दे, मग येते.

मला आधी हसू आलं. मग समजलं. मी तिचा हात धरून ओढलं, ओरडले, शपथ घातली. तिनं दुसऱ्या हातानं ग्रिल धरून ठेवलं आणि म्हणाली, नवं घर हाय बाई तुझं. शेवटी शेजारीण विरजण मागायला आली. ती सरळ आत गेली आणि तिच्यामागून, खाली फरशीकडं बघत, माझी आई आत आली.