नायिकेचे केस

सन अठराशे चौऱ्याण्णव, मार्गशीर्षातली थंडी. त्याच थंडीत वासू गेला, विसाव्या वर्षी. तेव्हापासून गिरगावात जो तो वासूचे किस्से सांगतो. उकिरड्यावर अळंबी उगवावी तसे हे किस्से! मी त्याच्या नाटक कंपनीत पडदे ओढतो; सगळे मला तात्या म्हणतात. शिक्षण दोन बुकं. पण विंगेतून पाहिलं ते खरं.

*

वासू आमची नायिका. केस कमरेपर्यंत, स्वतःचे. टोप नाही! खोताच्या वाडीजवळचा एक शिंपी ‘वासूच्या कापाची चोळी’ शिवायचा. एकदा वासूच धोतर-पागोट्यात तिथं गेला आणि म्हणाला, “माझं माप घ्या.”

शिंप्यानं त्याला खालीवर पाहिलं. “घरच्या बाईला पाठवा. पण ती वासूसारखी दिसेल, याची हमी नाही!”

*

एका खेळात खोकल्यानं पदाचा सूर तुटला. वासूनं रुमाल तोंडाला लावला, तो लाल झाला. पुढच्या खुर्च्यांतले शेठ ओरडले, “वन्स मोअर!” त्यांना वाटलं, काय अभिनय!

मी पडद्याची दोरी धरली. मॅनेजर गुरगुरला, “पडदा टाकलास तर हात तोडीन. वासू, घे पुन्हा!”

घेतलं त्यानं. टाळ्या थांबेनात. लाज नाही लोकांना!

*

डॉक्टर म्हणाला, “याला हवापालट हवी.”

मॅनेजर म्हणाला, “देऊ की! पुढच्या महिन्यात पुण्याचा मुक्काम आहेच. तिथं खेळही होतील!”

*

दिवाळीआधी परळच्या चाळीत वासूची आई वारली. हा एकुलता एक. मुंडण करायला निघाला, तर मॅनेजर आडवा. “रंगभूमीवर टकली नायिका नाचवू?” बरोबर भटजीही आणलेला. तो म्हणाला, “शास्त्रात सोय आहे. दक्षिणा दुप्पट, केस शाबूत.”

दहाव्याला वासू तसाच पिंडाला बसला. कावळा शिवेना. शेजारची म्हातारी म्हणाली, “शिवंल कसा? लेक आलाय कुठं? ही तर नायिका आलीय.”

शेवटी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून पोराचं एकच पालुपद, “तात्या, आईचं राहिलंय.”

*

मार्गशीर्षात त्यानं अंथरूण धरलं. बिऱ्हाडाखाली ही गर्दी! गजरे, अत्तरं, बर्फी. औषध एकानं आणलं नाही.

वासू म्हणाला, “तात्या, न्हावी आणा.”

आणला. न्हाव्यानं केस पाहिले आणि वस्तरा परत धोपटीत घातला. “नको बाबा! खालचे लोक मला फाडतील.”

“तू काढ,” वासू म्हणाला. “फाडणारे माझ्याकडे पाठव.”

मॅनेजर जिना चढून आला तेव्हा अर्धं डोकं झालं होतं. “अरे, शनिवारी खेळ आहे!”

“मॅनेजरसाहेब,” वासू म्हणाला, “जरा उजेडातून सरा. त्याला दिसत नाही.”

केस झाले. ओठांवरची लव झाली. मी त्याला धरून बसवलं, तळहातावर तीळ ठेवले, वर पाणी घातलं. ते त्यानं पितरांना सोडतात तसं अंगठ्याकडून सोडलं.

“आई, तुझं देणं फिटलं,” म्हणाला.