दोनशे सतरा नंबरची पिवळी गाडी

बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या घरासमोर गिरधर महाजनचं गॅरेज आहे. केळीचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली. तो कमी बोलतो, आणि बोलतो तेही बॉनेटमध्ये डोकं घालून, त्यामुळे ऐकू येत नाही.

२०११च्या ऑगस्टमध्ये केळीचे व्यापारी ललितभाऊ चौधरी यांनी एक छोटी पेट्रोल गाडी आणली. कंपनीने इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवून अशा तीनशेच गाड्या काढल्या होत्या, सगळ्या पिवळ्या. केळीवाल्याला पिवळी गाडी, हा ललितभाऊंना देवाचा संकेत वाटला. आत नंबराची पट्टी होती, २१७. पुढच्या वर्षी कंपनीने ती गाडी बंद केली आणि २१७ दुरुस्तीसाठी गिरधरच्या गळ्यात पडली.

गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. गाडी जोरात पळवली तर थांबल्यावर इंजिन एक मिनिट चालू ठेवावं, मग बंद करावं, असं त्यात होतं.

"म्हणजे ट्रकसारखंच," गिरधर म्हणाला. टर्बोचा पंखा धुराच्या जोरावर फिरतो आणि तापून लाल होतो. इंजिन लगेच बंद केलं की त्याला तेल मिळत नाही; आत असतं ते जळतं आणि पंखा जाम होतो.

त्याने हे ललितभाऊंना सांगितलं.

"एक मिनिट गाडीत बसून मी करू काय यार?"

गिरधरने दुसऱ्या दिवशी आरशाला तुळशीची माळ अडकवली. "एक माळ जप करा, मग चावी फिरवा." मी घड्याळ लावून पाहिलं. घाईने जपली तरी सत्तर सेकंद लागतात.

ललितभाऊंच्या आई ताराबाई यांनी मुलगा सुधारला म्हणून पेढे वाटले. खरं कारण त्यांना कोणी सांगितलं नाही.

बारा वर्षं गेली. गाडी एक लाख साठ हजार किलोमीटर चालली. बाकीच्या गाड्यांचे टर्बो एकेक करून जळाले होते. ललितभाऊंनी या गाड्यांच्या मालकांच्या फोनवरच्या ग्रुपात लिहिलं की माझा टर्बो मूळचाच आहे. कोणीतरी उत्तर दिलं, "मेकॅनिकने केळीच्या ट्रकचा बसवला असेल."

हा निरोप संध्याकाळपर्यंत बुऱ्हानपूरभर झाला. जसोंडी गावचे दगा पाटील गॅरेजसमोर ट्रक उभा करून म्हणाले, "गिरधर, माझाच चांगला टर्बो काढून घातला का रे त्या पिवळीत?"

"नाही."

"मग माझा जळला कसा?"

"तुम्ही चहाच्या टपरीवर उतरायची घाई करता म्हणून."

दगा पाटलांनी ट्रक दुसरीकडे नेला. त्या महिन्यात आणखी दोन ट्रक गेले. गिरधर रोज सकाळी रिकामं गॅरेज झाडत राहिला.

नोव्हेंबरात ग्रुपाने पुण्याहून निरंजन नावाचा इंजिनिअर पाठवला. त्याच्याजवळ कंपनीने बसवलेल्या तीनशे टर्बोंच्या नंबरांची यादी होती. त्याने बॉनेट उघडलं. टर्बोवर नंबर दिसेना. जाड तपकिरी कवच होतं.

"हे काय आहे?"

"दसऱ्याचं हळदकुंकू," गिरधर म्हणाला. "बारा वर्षांचं."

"खरवडावं लागेल."

"मी काढतो." गिरधरने चप्पल बाहेर काढली, नमस्कार केला आणि रॉकेलच्या फडक्याने चाळीस मिनिटं पुसलं. ललितभाऊ दाराशी उभे होते. नंबराचे शेवटचे आकडे आधी दिसले, मग सगळे. निरंजनने यादी दोनदा पाहिली.

"मूळचाच आहे," तो म्हणाला. मग निगा कशी राखली, असं त्याने विचारलं. माळ दाखवल्यावर त्याने अहवालात निगेच्या रकान्यात लिहिलं, "धार्मिक."

अहवाल ग्रुपात गेला. चौथ्या दिवशी दगा पाटलांचा ट्रक परत आला. गिरधर बॉनेटमध्ये डोकं घालून काही पुटपुटला.

"काय म्हणतो रे?"

गिरधरने डोकं बाहेर काढलं.

"माळ आणली का, विचारतोय."

दगा पाटलांनी खिशातून काढून दाखवली.