हवं ते तिसऱ्या नंबरावर

आमच्या ह्यांची बँकेत पंचवीस वर्षं झाली आणि त्यात सात बदल्या. बदलीच्या अर्जात पसंतीची तीन गावं लिहायची असतात. बँकेतल्या समस्त साहेबलोकांचा एक पक्का समज आहे की वरचे लोक पहिलं गाव कधीच देत नाहीत. म्हणून हवं ते गाव तिसऱ्या नंबरावर टाकायचं आणि पहिल्या दोनांत नको ती गावं. जयपूर आम्हाला असंच तिसऱ्या नंबरावरून मिळालं, तेव्हापासून ह्या युक्तीवर ह्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

ती श्रद्धा लेकीच्या कॉलेजच्या अर्जात उतरेल असं मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लेक बारावी सायन्स झाली. तिला हवा होता आहार आणि व्यायामशास्त्र दोन्ही एकत्र शिकवणारा डिग्री कोर्स. मला आधी काही बोध होईना. शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, होम सायन्सला घाला. तिथं आहारशास्त्र असतं, पण जोडीला कापडचोपड आणि बालसंगोपनही. शारीरिक शिक्षणाच्या पदवीत मैदान भरपूर, पण खाण्याचं जेमतेम एक पुस्तक. मी हा की तो असं करत बसले तेव्हा लेक वैतागली. "आई, मतलब, पळणाऱ्याने किती पळायचं, काय खायचं, कधी खायचं, आणि शरीरात त्याचं काय होतं, ते सगळं एकाच ठिकाणी. बस!" ती शाळेपासून चारशे मीटर पळते. मग मीही म्हटलं, घे बाई तुला हवं ते.

तिन्ही कोर्स एकाच विद्यापीठात होते, अर्जही एकच. ज्या संध्याकाळी तो भरायचा होता तेव्हा लेक प्रॅक्टिसला निघाली होती. "तू जा ग्राउंडवर, मी भरतो," हे म्हणाले. त्यांनी भरला. होम सायन्स पहिलं, शारीरिक शिक्षण दुसरं, आणि लेकीचं तिसरं. वर आम्हा दोघींना अवाक्षर सांगितलं नाही.

यादी लागली. होम सायन्स!

"पहिलंच दिलं?" हे स्क्रीनकडे बघत राहिले. "असं कसं देतील पहिलं?" मग हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला आणि माझं डोकं फिरलं. "अहो, मुलीची ॲडमिशन आहे ती! तुमचं झोनल ऑफिस नव्हे! कप्पाळ माझं!" मी आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. लेक मात्र उठली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही प्रवेशाच्या खिडकीशी उभे. तिथल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, पहिली पसंती मिळाली की बदल होत नाही. एकच वाट आहे, ही जागा सोडायची आणि उरलेल्या जागांसाठी नव्याने अर्ज करायचा. "त्या कोर्सला जागा उरेल की नाही, मी सांगू शकत नाही," असंही त्या म्हणाल्या.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं?" हे म्हणाले. "काहीच मिळालं नाही तर वर्ष जाईल तिचं."

मी लेकीकडे बघितलं. "सोडते," ती म्हणाली. मी म्हटलं, सोड. तिने सही केली. नवा अर्ज तिने स्वतः भरला, पाच पसंत्या लिहायची सोय असून एकच लिहिली. बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवल्या.

पुढचे आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. हे विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या शाखेतून रोज दुपारीच फोन करायचे, "लागली का यादी?" मी तोंडावर "नाही" म्हणून फोन ठेवून द्यायची. राग गेला नव्हता.

रविवारी बँकेची सहल होती, कानोत्याच्या धरणावर. जायची कुणाला इच्छा नव्हती, पण साहेबच नाही गेले तर कसं दिसेल, म्हणून गेलो. नेटवर्कचा पत्ता नाही. लेक बांधावर फोन उंच धरून चालत होती. एकाएकी थांबली, आणि मग जी पळत सुटली आमच्याकडे!

"मिळालं! आई, मिळालं!"

मी तिथंच सतरंजीवर बसून सगळ्या बँकवाल्यांदेखत रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "सुटलो गं बाई," एवढंच म्हणाले.

परतताना गाडीत त्यांनी लेकीला विचारलं, "मी आधीच विचारायला हवं होतं. हाच कोर्स का गं?"

ती सांगू लागली. दहावीत कोच म्हणाले होते, वजन उतरव, फास्ट होशील. तिने वर्षभर डबा मैत्रिणींना वाटला. एकदा शर्यतीत डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडली, ते आम्हाला ठेच लागली म्हणून सांगितलं. "मी भुकेली पळत होते, बाबा. पक्कं कुणालाच माहीत नव्हतं की काय खायचं. मला ते माहीत करून घ्यायचंय."

त्या वर्षी मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, बघा, आमची पोर कशी काटक झालीय. आई असून मला दिसलं नाही.

मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. तिलाच ते कळलं असावं. "आई, सहलीतलं काही उरलंय का? जाम भूक लागलीय," ती म्हणाली. मी पिशवीतून डबा काढून मागे दिला. घर येईपर्यंत तिने तो चाटूनपुसून खाल्ला.