कानात शिरणारा वाळा

वाळा हा करगोट्याच्या दोऱ्याएवढा साप. डोळे म्हणजे नुसते दोन काळे ठिपके, खाणं मुंग्यांची अंडी आणि वाळवी. विषाचा तर पत्ताच नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लेक लहान असताना आमच्या केनवडच्या शेतात हळद काढताना असा एक निघाला आणि मी तिला सांगितलं, की हा निजलेल्या माणसाच्या कानात शिरून मेंदूत घर करतो. मला वाटलं, हसेल. ती कानात कापूस घालून निजायला लागली, आणि मी शहाणा, तेही पाहुण्यांना रंगवून सांगत सुटलो.

यंदा ती रिसोडहून नातीला घेऊन आली. नात नुकतीच पावलं टाकायला लागली होती. तिनं आमच्या वाफ्यात अनवाणी चालावं, एवढीच माझी हौस. नेमका ओल्या मातीतून वाळा निघाला. मी तो तळहातावर घेतला. त्यानं शेपटीचं टोक बोटाला टोचून पाहिलं, बस.

"पाह्य, काईच करत नाई हा. तवा मी गंमत केली होती."

"मंग आता कायहून खरं मानू, बाबा? आता बी गंमतच करून राह्यले असान," लेक म्हणाली आणि तिनं नातीला कडेवरून खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं मानलंही असतं. वाळा बोटांमधून मातीत उतरला. नात त्याच्याकडे हात करत होती. पण दोघी परतीच्या जीपमध्ये बसेपर्यंत नातीचे पाय काही जमिनीला लागले नाहीत.