पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी

मी माश्यांचं जेवण खाल्लं.

पहिल्या दिवशी बोटानं, दुसऱ्या दिवशी चमच्यानं, तिसऱ्या दिवशी पळीनं. बाहत्तरचा दुष्काळ होता. नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी हमाल होतो. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून माश्यांसाठी घट्ट खीर शिजवणं हे माझंच काम. ती दुधाच्या बाटल्यांच्या बुडाशी ओतायची, निवली की माश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचा बोळा. माश्या म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं. आईबापाचे गुण पोरांत कसे उतरतात ते त्यांच्यावरून शोधायचं, कारण त्यांची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते. गावाकडं आई आणि बहीण सरकारी मिलो, रेशनवरची ती परदेशी लाल ज्वारी, खात होत्या. इथं गुळाची वाफ सरळ माझ्या नाकात. बुरशी लागू नये म्हणून खिरीत शेवटी औषध पडायचं. मी त्याआधी खायचो. एवढी अक्कल होती.

पळी तोंडात असतानाच सर आत आले. सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांच्यामागं अविनाश, एम.एस्सी.चा विद्यार्थी. चुलता कॉलेजच्या कमिटीवर, अंगात परीटघडीचा पांढरा कोट. सर पातेल्याकडं बघत राहिले. बोलला अविनाश.

"सर, फेकून द्यायला सांगा. माश्या बाटतील."

दारातली पोरं फिसकन हसली. सरही हसले. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. पातेलं मीच उचललं, मागच्या गटारात मीच ओतलं, घासलंही मीच. त्या दिवशीची खीर करायला वनस्पतिशास्त्राचा हमाल बोलावला, तो आमच्या जातीचा नव्हता म्हणून. त्यानं ती करपवली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मी. बाटण्यालाही सोय बघावी लागते.

मी नेवाशाकडच्या एका गावचा, महारवाड्यातला. वाड्याचं नाव आता बौद्धवाडा झालं होतं, विहीर तीच होती. मॅट्रिकला शास्त्रात वर्गात पहिला आलो, त्याच साली बाप गेला. मग कॉलेजात शिरलो तो झाडू घेऊन. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

हेवा म्हणजे काय ते मी तिथं शिकलो. आधी माश्यांचा हेवा. उन्हाळ्यात त्या मरू नयेत म्हणून कपाटाभोवती गोणपाटं लावलेली, त्यांवर दर तासाला मी पाणी मारायचो. माझी आई एका हंड्यासाठी टँकरमागं पळत होती. गोणपाट भिजवताना मी बाटलीतल्या माशीला म्हणायचो, मजा हाय बाई तुझी.

मग अविनाशचा. त्याच्या खुर्चीचा, सूक्ष्मदर्शकाचा, तासून टोकदार केलेल्या पेन्सिलींचा. तो गेला की मी त्याचा कोट घालून बघायचो. बाह्या पार बोटांवर यायच्या, मी बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखा दिसायचो, तरी काढवत नसे. पण खरी आग वेगळ्याच गोष्टीची होती. त्याचं मोजणं चुकलं की तो पान फाडायचा आणि नव्या पानावर सुरू करायचा. बास. माझ्या हातून माश्यांना गुंगी आणायचा ईथर जास्त झाला, अख्खी बाटली पंख उभे करून मेली, तर मला मेमो. बोळा सैल राहिला, दोन माश्या सरांच्या चहात पडल्या, तर दुसरा मेमो. त्याच्या चुका टोपलीत जायच्या, माझ्या फायलीत.

जळत जळत मी शिकत होतो. अविनाश कँटीनमध्ये गेला की त्याच्या खुर्चीत बसून मी माश्या मोजायचो. पांढऱ्या फरशीवर, ब्रशानं एकेक सरकवत. नर कुठला, मादी कुठली, डोळे लाल की पांढरे. त्यातली एक गंमत मला फार आवडायची. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर एकत्र ठेवले की लेकी सगळ्या बापासारख्या लाल डोळ्यांच्या निघतात, आणि लेक सगळे आईसारखे पांढऱ्या डोळ्यांचे. आमच्या गावात पाटलाचा पोरगा पाटील आणि माझ्या आजोबाचा नातू मी, एवढीच वंशविद्या. इथं निदान लेकींना बापाचं काहीतरी मिळत होतं.

यात एकच पथ्य. मादी कुमारी हवी. म्हणून सकाळी सहाला बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि नंतर ज्या नव्या निघतील त्यांतल्या माद्या दुपारच्या आत वेगळ्या करायच्या. उशीर झाला की त्या बाटलीतल्याच पांढऱ्या डोळ्यांच्या नराबरोबर त्यांचं जुळलेलं असतं. सहाचं काम रोज माझं. फक्त एका रविवारी मी रजेवर होतो. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. किल्ली अविनाशकडं दिली.

दोन आठवड्यांनी अविनाश ओरडतच सरांकडं गेला. त्याच्या बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी निघाल्या होत्या. एखाद-दुसरी नव्हे, भरपूर. तो म्हणाला, हे नवीन आहे, पुस्तकाच्या बाहेरचं आहे. सरांनी त्याच दिवशी पुण्याला ट्रंक कॉल लावून मोठ्या प्राध्यापकांना सांगून टाकलं. पेढे आले. मलाही एक मिळाला, कागदावर, वरून टाकलेला. मी तो खाल्ला आणि सबंध दुपार जळत राहिलो. शोध याच्याच हाताला का लागावा? अशा जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक होते. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. अक्षर अविनाशचं. माद्या काढल्याची तारीख त्या रविवारची. वेळसुद्धा त्यानंच इमानानं लिहिली होती, दुपारचे चार.

पुण्याच्या प्राध्यापकांनी फोनवर एवढंच विचारलं होतं की माद्या कुमारी होत्या ना. संध्याकाळपर्यंत सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. अविनाश माझ्याकडं न बघता बोलला.

"माद्या यानं काढल्या, सर. यांच्या वस्तीत कुमारी कशाला म्हणतात ते तरी ठाऊक असतं का."

त्या रविवारी माझी बहीण पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसली होती. उसन्या पातळात.

या वेळी मला हसू आलं नाही. सवयीनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मी बाटली आणली, चिठ्ठी सरांपुढं धरली, हजेरीचं पुस्तक उघडून त्यांच्याच सहीची माझी रजा दाखवली. मग लेकी बापावर आणि लेक आईवर हे सगळं सांगितलं. सकाळी बाटली रिकामी केली नसेल तर पांढऱ्या लेकी कुठून येतात तेही सांगितलं. सर ऐकत होते. त्यांना सगळं पटत होतं, ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी अविनाशला बाहेर पाठवलं, एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि अगदी मायेनं म्हणाले,

"माद्या तू काढल्यास असं लिहून दे. त्याचं वर्ष जाईल रे. तुझं काय जातंय?"

ती माया मला सगळ्यात जास्त लागली. पळीचा अपमान मी पचवला होता. पण या माणसाला माझं खरं कळलं होतं, आणि तरी तो मला विचारत होता की माझं काय जातंय.

मी म्हणालो, "सर, माझ्या चुका माझ्याकडं लई हायेत. खीर मी खाल्ली, माश्या मी मारल्या, तुमच्या चहात मी पाडल्या. समद्यावर सही केली. ही माझी न्हाई."

ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कोट अविनाशच्या खुर्चीवर होता. त्याच्याकडं बघितलं. हेवा गेला नव्हता. तसाच होता, तापलेला. पण आता मला तो कोट नको होता. मला माझ्या मापाचा हवा होता, माझ्या नावाचा. जिन्यावरच ठरवलं. जूनमध्ये याच कॉलेजात शास्त्र शाखेचा अर्ज भरायचा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागायचं. तोवर दगड फोडायचे.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेलो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, तिच्या लेकीबद्दल काय बोलणं झालं तेही. तिनं हातोडा थांबवला नाही. ऐकून घेतलं, समोरचा दगड फोडला.

मग म्हणाली, "येवढं बोलाया दोन वरसं लागली व्हय रं तुला?"